बेबोचा पट्टा

आक्काची गाडी पहिल्यांदा धावली तेव्हा तिच्यावर कुणीही बसलेलं नव्हतं. घरापुढच्या खळ्यात उकडं भात वाळत घातलं होतं आणि कावळे हाकायला मी हातात शिपटी घेऊन चटईच्या टोकाला बसले होते. आबांनी इंजिन चालू करून गाडी स्टँडवर लावली होती आणि पकड आणायला ते गिरणीत गेले होते. एक्सलरेटर सोडलेला होता, तरी मागचं चाक अधांतरी गरगर फिरतच होतं. इंजिनाच्या हादऱ्याने स्टँड बारीक उड्या मारत सरकत गेला, निसटला, चाक जमिनीला टेकलं आणि गाडी सुटली. सरळ माझ्याकडे. मी ओरडलेसुद्धा नाही. भीतीने माणूस ओरडतो असं म्हणतात, माझं तसं कधी झालं नाही. माझा आवाजच आधी जातो. गाडी चटईवर चढली, भात उडालं, ती माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर आडवी पडली आणि पडल्यावरही तिचं चाक फिरतच राहिलं. आई चुलीपुढून धावत आली. तिने आधी मला चाचपलं, मग भाताकडे पाहिलं, मग आबांकडे.

"पट्टो माणसाक वळखणा नाय," ती म्हणाली. "तुमका ठावक आसा. तरीय तुमी ह्या घरात हाडलात."

गाडीतही एक पट्टा होता, आणि पट्टा काय करतो ते आबांना खरंच ठाऊक होतं. आमची भाताची गिरण घराला लागूनच होती. डिझेल इंजिनावरून चामड्याचा लांबलचक पट्टा गिरणीच्या पुलीवर जायचा आणि त्याचा सांधा पुलीवरून जाताना दर फेऱ्याला टप्प असा वाजायचा. आम्ही त्या टप्प-टप्पवर झोपलो, जेवलो, अभ्यास केला. त्याच पट्ट्याने माझ्या जन्माआधी आबांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं नेलं होतं. ते कोंडा उचलायचे तेव्हा त्या फटीतून थोडा कोंडा गळायचा. घरात सगळ्यावर कोंड्याचा एक थर असे, पाण्याच्या कळशीवर, देवांवर, आमच्या केसांवर. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या वह्यांना पेजेचा वास येतो. खोटं नव्हतं ते.

ही गाडी कशासाठी, ते सांगायला हवं. माझी थोरली बहीण कुसुम, आमची आक्का, हिचा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला होता. पाय होता, पण बारीक, आणि त्याच्यावर भार देऊन उभं राहता येत नसे. गुडघ्यावर हात दाबून ती चालायची. आमच्या गावावरून एक घाटी सड्यावर, वरच्या कातळी पठारावर, चढते. वर चिरेखाणी, त्यांच्या पलीकडे एक वाडी, आणि त्या वाडीतल्या अंगणवाडीवर आक्काची नेमणूक झाली होती. लग्नाचं कुणी नावही काढत नव्हतं अशा मुलीला ही नेमणूक म्हणजे काय होतं, ते आता सांगून कळणार नाही. तळेऱ्याहून येणारी एसटी खालच्या रस्त्याने निघून जायची, घाटीत शिरायची नाही. पहिले काही महिने आबा तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून सायकल ढकलत वर न्यायचे आणि घामाने निथळत परत येऊन गिरण सुरू करायचे. मग एकदा वरून आल्यावर ते पडवीत छातीवर हात धरून बराच वेळ बसून राहिले. त्यानंतर आक्का म्हणाली, मी उद्यापासून जाणार नाही. आणि आबा म्हणाले, रव, माका आठ दिस दी.

आठाचे किती झाले ते आठवत नाही. कणकवलीच्या भंगारवाल्याकडून त्यांनी एका मोडक्या बिनगिअरच्या स्कूटरचं इंजिन आणलं, सोबत तिची लहान चाकं. बिनगिअरचं अशासाठी की आक्काच्या डाव्या पायाला काही करावं लागू नये, आणि चाकं लहान अशासाठी की सीट खाली यावी, थांबल्यावर तिचे दोन्ही पाय जमिनीला पुरावेत. लोखंडी पाइप जोडून सांगाडा केला. झाली ती गाडी एवढी बुटकी आणि बसकी होती की गावातली मुलं तिला बेबो म्हणायला लागली. बेबो म्हणजे आमच्याकडे बेडूक. आज तसली गाडी कुणी रस्त्यावर काढू देणार नाही, आणि बरंच आहे.

गाडी आपणहून का सुटली ते आबांनी त्या संध्याकाळी मला समजावून सांगितलं, बहुधा माझी भीती जावी म्हणून. तिच्यात गिअर नव्हते, त्यांच्या जागी दोन पुल्या आणि मधे एक रबरी पट्टा. आबांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले आणि मधे माझ्या रिबिनीची घडी ठेवली. "पुढच्या पुलीत शिशाचे गोळे. इंजिन पळाक लागला की ते भायर फेकतत, पुलीचे दोन तवे जवळ येतत, आणि पट्टो वर चढता." तळहात जवळ आले, रिबीन वर सरकली. "पट्टो वर चढलो की गाडी पळता. खाली रवलो की गाडयेक जोर येता. मागच्या पुलीत स्प्रिंग आसा, ती तेका खाली वढता. गोळे म्हणतत पळ, स्प्रिंग म्हणता रव. दोघांच्या भांडणात पट्टो आपली जागा धरता." आणि त्याच्याही मागे क्लच. इंजिनाने वेग घेतला तरच तो चाकाला धरणार, नाहीतर सोडून देणार. आमच्या क्लचच्या बारीक स्प्रिंगा जुन्या होऊन ढिल्या पडल्या होत्या, म्हणून तो हळू इंजिनालाही धरत होता. आबांनी दुसऱ्या कडक स्प्रिंगा घातल्या. चाक उभं राहिलं. पण मला ते समजूनही उपयोग झाला नाही. नंतर कितीतरी दिवस गाडी चालू झाली की मी आधी मागच्या चाकाकडे बघायची.

आईने एकच अट घातली, आक्का एकटी जाणार नाही. माझी आठवीची शाळा सड्यावरच होती, तेव्हा मागे बसायचं मी. मला कुणी विचारलं नाही. नाही म्हणायची माझी हिंमतही नव्हती, कारण आक्का पहिल्या दिवशी गाडीवर बसली तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिला होता. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, साडीचा काष्टा मारून, ती खळ्यात अशी ताठ बसली होती की तिचा पाय कुठला बारीक ते चटकन कळलं नसतं.

सपाटीवर बेबो छान पळायची. घाटीत मात्र तिची वाईट गत व्हायची. अर्ध्यावर एक जुना आंबा होता, त्याच्याखाली रस्ता वळायचा आणि वळता वळता उभा व्हायचा. डाव्या हाताला दरी, कठडा नाही, खाली व्हाळाचं पाणी वाजायचं पण झाडीतून दिसायचं नाही. उजवीकडे दरड आणि तिच्या पायथ्याशी गटार. त्या वळणावर आलं की पट्टा चुकीच्या वेळी वर चढायचा, इंजिन घुसमटायचं, गाडी थबकायची. मी उतरून ढकलायची. मागून ढकलताना माझी पाठ दरीकडे असायची. वरून चिऱ्यांनी भरलेले ट्रक उतरत, त्यांच्या ब्रेकचा वास त्यांच्या आधी खाली यायचा. तो वास आला की आक्का म्हणायची, "नंदे, कडेक हो." कड म्हणजे दरीचीच.

आबा रोज संध्याकाळी विचारायचे, "खंय थांबली?" आणि आम्ही सांगायचो, आंब्याच्या अलीकडे, आंब्याच्या पलीकडे. त्यावरून ते ठरवायचे. आधी त्यांनी गोळे हलके केले, कणकवलीच्या लेथवर थोडे थोडे तासून आणले, म्हणजे पुढची पुली लवकर मिटू नये आणि पट्टा खाली राहावा. गाडी आंब्याच्या पुढे गेली. मग मागची स्प्रिंग बदलली. नवी इतकी ताठ होती की ती दाबून बसवायला आबा आणि गिरणीवर आलेला एक माणूस, दोघे लागले. आई पेजेचं ताट घेऊन दारात उभी राहायची. उकड्या तांदळाची पेज, वर खारातल्या आंब्याची फोड, बाजूला भाजलेला बांगडा. पेज निवून तिच्यावर साय धरायची तरी आबांचं डोकं वर होत नसे. गिरणीपेक्षा मोठा आवाज करणारं असं काही आमच्या घरात पहिल्यांदाच आलं होतं, आणि सगळं घर त्याच्याभोवती फिरायला लागलं होतं.

आणि एका सकाळी ती चढली. आंब्याखाली आली, इंजिनाचा आवाज घुसमटायच्या ऐवजी उंच झाला आणि तसाच उंच राहिला, आणि बेबो आम्हा दोघींना घेऊन वळण चढून गेली. वर सड्यावर आक्काने गाडी थांबवली, मान मागे टाकली आणि हसत सुटली. मीही हसले. पण उतरताना माझी पोटरी बाजूच्या कव्हरला लागली आणि मी हात ओढावा तसा पाय ओढून घेतला. कव्हर तापलं होतं. जळक्या रबराचा वास होता, अगदी थोडा, शाळेतल्या खोडरबराला काडी लावल्यासारखा. मी आक्काला म्हटलं, "आक्का, वास येता." ती म्हणाली, "चढली मा? मगे येवंदे वास." घरी ते सांगायचं आमच्या दोघींच्या मनात आलं नाही. त्या दिवशी आबांनी गिरणीवर आलेल्या प्रत्येकाला गूळ दिला.

बरेच दिवस ती चढत राहिली. गणपती येऊन गेले, भात पोटरीला आलं, घाटीच्या दोन्ही अंगांना गवत माझ्या खांद्याएवढं झालं. मला वाटलं होतं, रोज चढल्यावर भीती जाईल. गेली नाही. तिचं फक्त वेळापत्रक ठरलं. सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाताना ती पोटात यायची, व्हाळाच्या मोरीवर छातीत, आणि आंबा दिसला की हातात. मी आक्काच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालायची आणि डोळे मिटून घ्यायची.

त्या दिवशीही डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे मला ते आधी ऐकू आलं. फट् असा आवाज, ओली फांदी मोडावी तसा. लगेच इंजिन एकदम मोकळं होऊन किंचाळलं. मी डोळे उघडले. आम्ही उभ्या होतो. आंबा बाजूलाच होता. एक क्षणभर सगळं इतकं स्थिर होतं की मला त्याच्या खोडावरची मुंग्यांची ओळ दिसली. मग ती ओळ पुढे सरकायला लागली, मग खोड, मग सगळं गवत. आम्ही मागे जात होतो.

आक्काने दोन्ही ब्रेक दाबलेले मला दिसत होते, तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. पण पुढे जाताना धरणारे ते ब्रेक मागे जाताना नुसते करकरत होते. गिअरची गाडी असती तर गिअरमध्ये अडकून तरी राहिली असती. इथे पट्टा तुटला आणि चाकाचं इंजिनाशी नातंच संपलं. आक्काने उजवा पाय टेकवला. तिची चप्पल जांभ्याच्या खडीवरून घसरत गेली, एक लांब रेघ ओढत. डावा पाय तिने टेकवला नाही, टेकवून काही झालं नसतं.

"नंदे, उडी मार," ती म्हणाली. ओरडून नव्हे. "नंदे, सोड माका. उडी मार."

मला ऐकू येत होतं. पण हात सुटेनात. माझे हात माझे नव्हतेच. आणि तेवढ्यात तो वास आला, ट्रकच्या ब्रेकचा, आणि मागोमाग वरून हॉर्न. वळणावरून चिऱ्यांचा ट्रक खाली येत होता. आमच्या मागे, दरीच्या बाजूला, रस्ता संपून गवताचे नुसते शेंडे दिसत होते. शेंडे, आणि त्यांच्या खाली पाण्याचा आवाज.

आक्काने मान वळवून एकदा मागे पाहिलं. मग हँडल उजवीकडे पुरतं फिरवलं. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं, कारण त्याने गाडीची शेपूट रस्ता ओलांडून दरडीकडे, म्हणजे सरळ ट्रकच्या वाटेत जात होती. हॉर्न आता थांबत नव्हता. मला त्या ट्रकचं लाल तोंड दिसलं, त्याच्यावर बांधलेली लिंबू-मिरची दिसली. मग मागचं चाक गटारात धपकन गेलं, गाडी आडवी झाली आणि आम्ही दरडीवर आपटलो. ट्रकवाल्याने ट्रक दरीच्या कडेने काढला होता. त्याची चाकं आक्काच्या हँडलपासून वीतभरावरून गेली. अंगावर चिऱ्यांची लाल माती बारीक बारीक पडत राहिली. कितीतरी वेळ पडत होती, असं मला वाटतं.

"नंदे," आक्काचा आवाज आला. "आसंस मा?"

मी तिच्या पाठीवर डोकं आपटलं, तेवढंच जमलं.

"बरा," ती म्हणाली. "आता हात सोड. माझो पाय खाली आसा."

तिचा बारीक पाय गाडीखाली होता आणि त्याच्यावर तापलेला सायलेन्सर. तो पाय चालायला नव्हता, पण जाणीव सगळी होती त्याला. ट्रकचा ड्रायव्हर पुढे कुठेतरी ट्रक उभा करून धावत आला. रागाने शिव्या द्यायला आला असावा. पण आम्हाला पाहून म्हणाला, "अरे, ही गिरणकाराची चेडवां," आणि लगेच गाडी उचलायला वाकला. त्याने आणि त्याच्या गड्याने गाडी उचलून चिऱ्यांवर टाकली आणि आम्हाला पुढे केबिनमध्ये घेतलं.

आज मला वाटतं, गाडी तिथेच गटारात ठेवली असती तर बरं झालं असतं. कारण ट्रक गिरणीसमोर थांबला तेव्हा आबांना आधी दिसली ती गाडी, चिऱ्यांवर उताणी, चाकं वर. आम्ही दिसलो नाही. केबिनची काच धुळीने भरलेली होती. मी दार उघडून उतरेपर्यंत आबा गिरणीच्या दारात कोंड्याच्या ढिगावर खाली बसले होते. पडले नव्हते, बसले होते. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं असं वाटलं नाही. मग त्यांनी विचारलं, "दुसरी खंय?"

आक्काच्या पोटरीवर हाताएवढा भाजल्याचा चट्टा उठला होता. आईने त्यावर औषध लावलं, पट्टी बांधली. मी सांगितलंच होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. आबांनी बेबो खळ्यापलीकडच्या मांगरात, सामानाच्या खोपटात, ढकलली, तिच्यावर रिकामी पोती टाकली आणि दाराला कडी घातली. त्यानंतर गिरण चालायची, पट्ट्याचा सांधा टप्प-टप्प वाजायचा, पण भात घालताना आबा पूर्वीसारखे पट्ट्याच्या बाजूने जात नसत, मागून फेरा घालून जात.

वरच्या वाडीतून निरोप आला की बाई येणार नसतील तर दुसरी कुणी बघावी लागेल, पोरं दाराशी येऊन परत जातात. आईने तो ऐकला आणि आक्काला म्हणाली, "कुसमे, ऱ्हवंदे आता. घरात बसान शिवण कर. जीव मोठो." संध्याकाळी आबा पाय धुऊन पडवीत आले तेव्हा आक्काने विचारलं, "आबा, पट्टो कित्याक तुटलो?"

"माझ्यामुळे," आबा म्हणाले.

"कोणामुळे ता नाय इचारूक. कित्याक तुटलो, ता सांगा."

आबा उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आक्काने गुडघ्यावर हात दाबत खळं ओलांडलं आणि मांगराची कडी काढली. "नंदे, पानो हाड," ती म्हणाली. मी गिरणीतून पाना नेला, पण आत पाऊल टाकेना. पोत्यांखाली ती तशीच बसली होती, बेबो, आणि मला वाटत होतं की हात लावला तर ती पुन्हा सुरू होईल. आक्काने पोती ओढली, जमिनीवर फतकल मारली आणि एकेक बोल्ट काढून कव्हर उघडलं. आतून काळी भुकटी तिच्या मांडीवर सांडली, मूठभर. काजळासारखी. पट्ट्याचा तुकडा तिने उजेडात धरला. एक कड जशीच्या तशी होती. दुसरी झिजून, भाजून, काचेसारखी गुळगुळीत. तिने मला दाराच्या अडसराची सरळ कांब आणायला सांगितली आणि ती दोन्ही पुल्यांच्या अंगाला लावून धरली. पुढच्या पुलीला कांब टेकली. मागच्या पुलीपाशी फट राहिली. तांदळाचा दाणा उभा बसेल एवढी.

"वाकडो पळा होतो," आक्का पुटपुटली. "वाकडो पळा होतो, आणि ती ताठ स्प्रिंग तेका आवळी होती. आणि भायर वाऱ्याक वाट नाय. भाजलो बिचारो."

मी मागे पाहिलं. आबा मांगराच्या दारात उभे होते. केव्हापासून, माहीत नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण उंबऱ्याच्या आत त्यांचा पाय येत नव्हता. एक हात त्यांनी चौकटीला धरला होता. त्यांच्यामागे आई आली. मला वाटलं, आता ही दार लावून घेणार. आईने आत पाहिलं, आक्काच्या मांडीवरची ती काळी भुकटी पाहिली, आणि आबांना म्हणाली, "जावा आत. ती काय गप बसाची नाय. करतली ती करतलीच. निदान नीट होवंदे."

मग ते आत आले.

मागची पुली त्यांनी पातळ वायसर घालून सरळ केली. ताठ स्प्रिंग काढून तिच्या आणि जुनीच्या मधली शोधून आणली. या स्प्रिंगने चढावर जोर थोडा कमी मिळाला असता, म्हणून गोळे आणखी एकदा तासले, अगदी किंचित. कव्हरला वाऱ्यासाठी भोकं पाडली आणि साडी आत ओढली जाऊ नये म्हणून त्यावर आतून जाळी लावली. नवा पट्टा बसवला तो आक्काने, आबा नुसते सांगत होते. दर चार दिवसांनी कव्हर उघडून भुकटी बघायची, असं तिने स्वतःच ठरवलं. शेवटी आबांनी मागच्या चाकामागे साखळीने एक लाकडी ठोकळा टांगला, ट्रकचा क्लीनर चढावर चाकामागे टाकतो तसला, आणि त्याची दोरी हँडलपर्यंत आणली. दोरी सोडली की ठोकळा चाकाखाली. आक्काने तो वापरायचा सराव घाटीच्या पायथ्याशी केला. इंजिन बंद करून, मुद्दाम मागे घरंगळत. पुन्हा पुन्हा. मी आणि आबा बाजूला उभे राहून बघत होतो आणि प्रत्येक वेळी ती मागे यायला लागली की आबा माझा दंड धरायचे. रात्री दंडावर त्यांच्या बोटांचे वळ दिसले, चार पूर्ण आणि एक अर्धाच.

पहिल्या दिवशी आक्का मला घेऊन गेली नाही. आईची अट तिने त्या दिवसापुरती मोडली, आणि आईने मोडू दिली. गिरणीवर गर्दी होती. बेबो घाटीला लागली तसे आबा गिरणीच्या दारात आले, कान दिला, आणि मग आत जाऊन त्यांनी इंजिन बंद केलं. हॉपरमध्ये लोकांचं भात तसंच. मी जन्मले तेव्हापासून दिवसाउजेडी, भात आत असताना, ती गिरण बंद झालेली मी पाहिली नव्हती. बायका बोलता बोलता थांबल्या. कुणी विचारलं नाही. आई ओल्या हातांनी खळ्यात येऊन उभी राहिली. आवाज वर चढत गेला, पातळ होत गेला. मग आंब्याच्या वळणाआड गेला आणि बंद झाला. तो तिथे दरडीआड बंद होतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी आईने ओले हात तोंडावर धरले. आबा डोळे मिटून उभे होते. मी वळणाच्या वरच्या झाडांकडे बघत होते, जणू आवाज दिसणारच होता.

मग तो पुन्हा आला. लांबून, डासाएवढा, पण उंच आणि सरळ. सड्यावर निघून गेला.

आबांनी इंजिनाचं हँडल फिरवायला घेतलं, पण त्यांच्या हातातून ते निसटायला लागलं. रांगेतल्या एका बाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली, त्यांच्या हातातून हँडल घेतलं आणि गिरण सुरू करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काने खळ्यात गाडी चालू केली आणि नुसती बसून राहिली. मला हाक मारली नाही. आई पडवीत होती, आबा गिरणीत. कुणीही मला जा म्हटलं नाही. शाळेला मी चालतही जाऊ शकले असते. मी दप्तर घेतलं, सवयीने मागच्या चाकाकडे पाहिलं, आणि तिच्यामागे बसले. कमरेला हात घातले.

मोरी गेली. आंबा दिसला. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटत होते, पण मिटले नाहीत. आणि तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की माझ्या हातांखाली आक्काचं पोट थरथरत होतं. इंजिनाची थरथर नव्हती ती. इंजिनाची मला ओळख होती.

"भियालंस?" मान न वळवता तिने विचारलं.

"हय," मी म्हटलं.

"मी पण," ती म्हणाली. "घट धर."

तिने एक्सलरेटर पिळला, इंजिनाचा आवाज उंच झाला, आणि आम्ही दोघी भीत भीतच वर गेलो.